स्पॉन्सर म्हणलं की आवाज बदलतो

मी बार्शीचा. म्हणजे इथं बर्मिंगहॅममध्ये कुणी विचारलं तर सोलापूरजवळ म्हणतो, त्याला सोलापूर माहीत नसलं तर पुण्याजवळ, आन गोऱ्यानं विचारलं तर डायरेक्ट मुंबई, कुठवर समजावत बसायचं, काय सांगू तुम्हाला ताई. पप्पांची साऊंड सर्व्हिस हाय, लग्नाला, जयंतीला स्पीकर लावायचे, आन उन्हाळ्यात टेनिस बॉलच्या मॅचेस असतात ना, त्याची कॉमेंट्री पप्पाच करतात, त्यामुळं बोलायला यायच्या आधी माझ्या हातात माईक आला असंल. शाळेत गॅदरिंगला मी हेडमास्तरांची नक्कल केलती, सर पहिल्या रांगेत, हसता हसता त्यांनी पाहुण्यांच्या अंगावर चहा सांडला, आन दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावून म्हणले, मी एवढा नाकात बोलतो व्हय रे? म्हणलं सर, मी कमीच केलतं.

तर हे असं. इथं मास्टर्सला आलो, सप्लाय चेनमध्ये. डिग्री झाली, काळा गाऊन घालून फोटो काढला, पप्पांनी गावात फ्लेक्स लावला, आन मग खरी शाळा सुरू झाली. डिग्रीनंतर दोन वर्षांचा व्हिसा मिळतो, पोरं त्याला पीएसडब्ल्यू म्हणतात, त्या दोन वर्षांत कुठलंबी काम करा, कुणी काय विचारत नाय. पण पुढं राहायचं तर कंपनीनं स्पॉन्सर करायला पायजे, कंपनीकडं त्याचं लायसन्स पायजे, आन पगार सरकारनं आखलेल्या रेघेच्या वर पायजे. ती रेघ म्हणजे लांब उडीतल्यासारखी, तुम्ही पळत यायचं आन कुणीतरी पुढं सरकवायची.

फोनवर रिक्रूटर लऽय गोड बोलतात. लव्हली, ब्रिलियंट, फँटास्टिक. मग आपण म्हणायचं, मला स्पॉन्सरशिप लागंल. तिथं आवाजच बदलतो ताई, जसं कुणी गरम तव्यावर पाणी टाकलं. आन मग येतं ते अनफॉर्च्युनेटली. माझ्याकडं सगळ्या जातीची अनफॉर्च्युनेटली हायेत. लंडनवाला घाईत म्हणतो, ट्यूब ट्रेन पकडायची असल्यासारखा. वेल्सची बाई गाण्यासारखं म्हणते, नकार कळायलाच वेळ लागतो. मँचेस्टरवाला मित्रासारखा म्हणतो, जणू त्यालाच नाय म्हणलंय कुणी. आमच्या काकूंच्या किचनमध्ये मी हे करून दाखवायचो आन काकू डोळे पुसून म्हणायच्या, पुरे रे मेल्या, कणीक तशीच राहिली माझी.

काकू म्हणजे शुभदाकाकू, मी ज्यांच्या घरी राहतो त्या. मूळच्या पुण्याच्या, सदाशिव पेठेतलं अगदी स्वच्छ बोलणं. काका इथं हॉस्पिटलात डॉक्टर होते, ते गेले, लेक मीरा लंडनकडं हॅरोला, ती फोनवर म्हणते आई, माझा ट्रेन लेट आहे, आन काकू कपाळावर हात मारतात. वरच्या दोन खोल्या पोरांना दिल्यात, एकात मी आन दुसऱ्यात नागपूरचा निल्या होता. निल्याची इंटरव्ह्यूची तयारी मी करून घेतली, मी मॅनेजर व्हायचो, कधी स्कॉटिश, कधी लंडनचा, कधी नुसता खोकणारा. निल्या चिडायचा, काऊन बे, कुठला मॅनेजर एवढा खोकते? म्हणलं खोकला तर काय करशील, घाबरायचं नाय. लागला की पोरगा मँचेस्टरला, स्पॉन्सरशिपसकट. जाताना गळ्यात पडून रडला, येडं.

आन मी? मी एका लॉरीवाल्या कंपनीत लागलो, डिस्पॅचला. म्हणजे ड्रायव्हर फोन करतात, मी अमुक मोटरवेला अडकलोय, गेट उघडंना, पत्ता सापडंना, ते सगळं आपण बघायचं. आमचा मॅनेजर गॅरी, पक्का बर्मिंगहॅमचा, प्रत्येक वाक्य म्हणजे पायऱ्या उतरल्यासारखं खाली खाली जाणार. न्यूकॅसलच्या ड्रायव्हरचं अर्धं बोलणं गॅरीलासुद्धा कळायचं नाय, पण मला कळायचं, कारण मी त्याच्यासारखंच उत्तर द्यायचो. ते मुद्दाम नव्हतं ताई. समोरचा जसा बोलतो तसं माझं तोंड आपोआप वळतं, बार्शीत मारवाड्याच्या दुकानात गेलो तर मी मारवाडी व्हायचो, मम्मी पाठीत धपाटा घालायची. ड्रायव्हर खूश, म्हणायचे त्या आपल्या पोराला फोन दे. आपल्या पोराला!

गॅरीच म्हणला, मालकिणीशी बोलतो, ह्याला ठेवायला पायजे, कंपनीनं लायसन्स काढावं. मालकीण मॉयरा, ग्लासगोची, सत्तरीला टेकलेली, स्वतः लॉरी चालवून वर आलेली बाई. भेटायच्या सकाळी काकूंनी हातावर दही-साखर दिली, दही संपलं होतं म्हणून ग्रीक योगर्ट, आन बजावलं, प्रसाद, तोंड सांभाळ, ज्याचं त्याचं बोलणं ज्याच्या त्याच्या तोंडात राहू दे. म्हणलं काकू, शप्पथ.

गेलो. बाई बोलायला लागल्या. त्यांचा र म्हणजे आरऽ, दगडावरून गाडं गेल्यासारखा. आन तिसऱ्या वाक्याला माझ्या तोंडातून तोच आरऽ. मला कळतंय, थांब की येड्या, पण जीभ ऐकंना. मॉयराबाईंनी चष्मा काढला. म्हणल्या, पोरा, माझी टिंगल करतोयस का? मी म्हणलं नाय हो मॅडम, आन तेबी अगदी ग्लासगोत जन्मल्यासारखं. गॅरीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग मीच बोललो, कसं सांगू, घाम फुटला होता, म्हणलं मॅडम, मला जे लोक आवडतात त्यांच्यासारखं बोलणं होतं माझं, मला थांबवता येत नाय. बाईंनी चष्मा परत घातला. मग म्हणल्या, ग्लासगोतल्या कुठल्या गल्लीतला आहेस? आन टेबलावर थाप मारून हसल्या.

मला वाटलं झालं काम. घरी फोन केला, पप्पा म्हणले पेढे सांगू का? म्हणलं थांबा जरा.

थांबा म्हणलं ते बरं झालं. बाईंनी वकिलाला विचारलं. लायसन्स काढायला त्या तयार होत्या हो. पण आमचं डिस्पॅचचं काम त्या व्हिसात बसतच नाय, आन रेघ पगाराच्याबी कितीतरी वर. बाई स्वतः माझ्या टेबलापाशी आल्या, खुर्ची ओढून बसल्या. अनफॉर्च्युनेटली नाय म्हणल्या. म्हणल्या, मला नाही जमलं रे पोरा. एवढ्या नकारांची नक्कल केली मी, ह्याची करता आली नाय, अजून येत नाय.

तर आता व्हिसा संपत आलाय, तिकीट काढलंय. लोक पर्याय सांगतात. निल्या म्हणतो अजून एक मास्टर्स कर, मीराताई म्हणते आयर्लंड बघ. एकजण म्हणला, लग्न कर इथल्या पोरीशी, तर काकूंनीच त्याला झापलं, पोरगी म्हणजे काय स्टॅम्प आहे का? मी चाकणला दोन ठिकाणी बोलून ठेवलंय, गाड्या तिथंबी अडकतातच की. पप्पांना खरं सांगितलं, ते म्हणले, ये, यंदा फायनलची कॉमेंट्री तू कर. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू, पण ज्यांचं झालं त्यांचं चांगलं व्हावं, निल्याचं घर व्हावं, पोरंबाळं व्हावीत.

परवा रविवारी सकाळी मी जिन्यातून खाली येत होतो, काकू किचनमध्ये फोनवर होत्या, मीराताईशी. मला वाटलं कोण आलंय, कारण आवाज काकूंचा आन बोलणं माझं. म्हणत होत्या, चाललंय की गं. लऽय गुणाचं पोरगं हाय, पण कुणाला काय पडलंय. तो लऽय माझा, हुबेहूब, ओढलेला, जिथं मी ओढतो तिथंच. त्यांना स्वतःलाच पत्ता नाय. पुण्याची बाई, ताई! मी जिन्यातच उभा. मग खाली गेलो आन सरळ पाया पडलो. दचकल्या, म्हणल्या अरे, असं मध्येच काय, फोन चाललाय ना माझा. पण हात डोक्यावर ठेवला, आन बोलणं संपेस्तोवर काढला नाय.