अमेरिकेचा गिटारवाला

बाहत्तर सालची गोष्ट सांगतो. नगरच्या एका साप्ताहिकात मी परदेशी गायकांची ओळख करून देणारे लेख लिहायचो. एके दिवशी कर्जतचे एक म्हातारे शाहीर अंक हातात घेऊन थेट माझ्या दारात आले.

"ह्यो अमेरिकेचा गिटारवाला तुमीच लिवला ना? त्याचं गानं ऐकवा. तेवढ्यासाठी एष्टीनं आलोय."

माझ्या घरात साधा रेडिओसुद्धा नव्हता. शेवटी कबूल केलं, "मी त्याचं गाणं कधी ऐकलेलंच नाही. इंग्रजी मासिकं वाचून लिहितो."

आता हे शाहीर संपादकांकडे जाणार, अशी मला भीती वाटली.

त्यांनी पिशवीतून डफ काढला.

"बसा," ते म्हणाले, "माझ्यावर लिवाल तवा निदान ऐकून लिवा."