दोघंही मायनर

रक्त तपासणीच्या खोलीबाहेर माझ्या मागच्या बाकावर एक आई आणि तिचा लग्न ठरलेला मुलगा बसले होते.

“थॅलेसेमिया मायनर, असं लिहिलंय.”

“मायनर म्हणजे लहानच ना? मग झालं तर.”

“तिचाही रिपोर्ट तसाच आलाय.”

“बघ, इथेही जुळलं.”

“आई, हे जुळायला नको होतं. आम्हाला दोघांना काही त्रास नाही. पण दोघांकडून आलं तर मुलाला मेजर होतो. दर खेपेला चारात एक शक्यता. मग जन्मभर दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं.”

“तिला तुझं सांगितलंस?”

“नाही. लग्न मोडेल ती.”

“मग नको सांगूस. तोंडावर थोडंच लिहिलंय.”

“तुझ्याकडून नाहीतर बाबांकडून आलंय. म्हणून तुलाही सुई टोचणार आहेत.”

“त्यांच्याकडूनच. कायम मरगळलेले.”

“तूही जिन्यात तीनदा बसतेस.”

“ते गुडघे. नाही चढवलं तर काय होतं?”

“काय?”

“रक्त.”

“मूल पांढरं पडतं. वाढत नाही. पोट फुगतं.”

“तुझ्या ताईचं फुगलं होतं. आम्ही जंताचं औषध देत राहिलो.”

“ताई तापाने गेली म्हणाला होतात.”

“शेवटी तापही होता.”

“मावशी, आत या. बाही वर करा.”

“आले. तू तिला फोन लाव. मी बाहेर येईपर्यंत सांगून झालेलं असू दे.”