सौनाची पहिली फेरी

माननीय अध्यक्ष डॉक्टर हार्कोनेन, मंचावरचे पाहुणे, जखम-विभागातल्या परिचारिका, माझ्यासारखेच पाय वर ठेवून बसलेले रुग्ण बंधुभगिनी, आणि आज निवृत्त होणाऱ्या आमच्या रायलीबाई,

रुग्णांच्या वतीने बोलायला या तौनो हुप्पोनेनला उभं केलंय. मी आठवडाभरात बोलतो तेवढे शब्द तर नावं घेण्यातच संपले!

माझ्या नडगीवरची जखम वर्षभर मिटत नव्हती. मी म्हटलं, "सूज उतरवायची गोळी द्या." बाई डाफरल्या, "अहो तौनो, सूज म्हणजे मदतीला धावून आलेली माणसं. आली ते बरंच झालं. तुमच्याकडची मंडळी मात्र काम सोडून भांडत बसलीत, उठायचं नाव नाही!" मग माझंच रक्त काढून यंत्रात गरगर फिरवलं आणि प्लेटलेट्सनी भरलेला पिवळसर थर जखमेवर ठेवला. "या त्यांना सांगतील, भांडण पुरे, आता बांधायला घ्या. दरवेळी ऐकतातच असं नाही हं." माझ्या मंडळींनी ऐकलं. लाली ओसरली, कातडी धरू लागली.

यंत्र फिरत असताना बाई कॉफी घेऊन शेजारी बसायच्या. एरवी माझ्याजवळ कोण बसतं? जखम भरत आली तेव्हा आनंद व्हायला हवा होता, नाही का? मला धास्ती वाटत होती.

जखम उघडी असेतो सौनात, तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफेत बसायला, बंदी होती. गेल्या शनिवारी बंदी उठली. आमच्या घरी पहिली फेरी बायकांची. मी सौना तापवली आणि सवयीने बाहेर पायरीवर बसलो, हिल्काची फेरी संपायची वाट बघत. माझी बायको हिल्का जाऊन तीन हिवाळे झाले. भानावर आलो तेव्हा दगड निवले होते. आत गेलोच नाही.

सोमवारी बाईंना हे सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी तर तापवतच नाही. एकटीसाठी कशाला लाकडं जाळायची?"

अध्यक्षमहाराज, वेळ दिलात, ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर म्हाताऱ्याला सांभाळून घ्या.

आणि रायलीबाई, चारचौघांत विचारतो, कारण एकांतात विचारायचा धीर होणार नाही. या शनिवारी लाकडं मी फोडीन. पहिली फेरी तुमची. मी पायरीवर बसेन. आतून दगडांवर पाणी पडल्याचा आवाज आला, की मला पुरे.