जाळीच्या आत

नागप्पा : रेडिएटरच्या टोपणाला हात लावू नका म्हणलं ना मालक. भाजंल. आत नुसती उकळी हाय.

बलभीम : लावत न्हाय. बघायलोय फकस्त.

नागप्पा : बघून काय गार व्हणारे का? पाणी कवा भरलं व्हतं?

बलभीम : निघताना. गळ्यापर्यंत भरलं.

द्वारकाबाई : मळणीपासनं हेच चाललंय बघा. शेतात जाऊन आली तर काय न्हाय. मागं वझं घातलं आन जरा चढ लागला, की काटा वर. आज सोयाबीन घिऊन कळंबला निघालाव, तर तुमच्या गॅरेजापशीच धूर.

नागप्पा : धूर न्हाय वहिनी, वाफ. धूर निघाला असता तर खलास. गाडी जुनी हाय, पण इंजन गुणाचं दिसतंय. मळणीच्या आधी कशी व्हती?

द्वारकाबाई : लई चांगली. निवडणुकीत ह्यांनी भोंगा लावून वाडी-वस्ती एक केली. एकदाबी तापली न्हाय.

बलभीम : निवडणुकीचं कशाला काढतीस हितं?

द्वारकाबाई : गाडीचंच सांगायले.

नागप्पा : मालक उभे व्हते व्हय?

द्वारकाबाई : म्या. सरपंचाची जागा बायांला सुटली व्हती.

नागप्पा : अरे वा. मंग सरपंचबाईंची गाडी आली म्हणा की माझ्या दारात.

बलभीम : पडली ती. तू गाडीचं बघ.

नागप्पा : बघायलोय की. पट्टा ताईट हाय. पंखा फिरतोय. पाइप कुठं फुटला न्हाय. मला वाटतंय हेडचं गॅसकेट गेलं. तसं असलं तर इंजन खोलावं लागंल, चार दिवस गाडी हितंच.

बलभीम : खोल मंग. आजच खोल.

द्वारकाबाई : अवो, खोल काय? एका दिव्याचा बल्ब बदलायला तुमी म्हैना लावता. आन आज एकदम इंजन?

बलभीम : कारागीर म्हणतोय तर काय करायचं?

नागप्पा : दम धरा. म्या वाटतंय म्हणलो, हाय म्हणलो न्हाय. एक बघू द्या. मालक, चालू करा गाडी. हा वर्तमानपत्राचा कागद म्या पुढच्या जाळीवर धरतो. आतून पंखा हवा वढतोय, तवा कागद जाळीला चिकटून बसला पायजे... बघा. सोडला की पडला. परत धरतो. पडला. वहिनी, आत हवाच जात न्हाय. जाळी काढावी लागंल.

बलभीम : जाळी नको.

नागप्पा : का?

बलभीम : नट गंजलेत. तुटतील.

द्वारकाबाई : इंजन खोलायला तयार, आन नटाची काळजी?

बलभीम : तू एक काम कर. समोरच्या हाटेलातून पाणी घिऊन ये. कॅन मागं हाय. गार झाल्यावर भरावं लागंल.

द्वारकाबाई : जाते. पण तोंड का उतरलंय तुमचं एवढं?

बलभीम : ऊन हाय. जा तू.

नागप्पा : ...गेल्या वहिनी. आता बोला. बाटल्या लपवल्यात का आत?

बलभीम : बाटल्या असत्या तर बरं झालं असतं. फ्लेक्स हायत.

नागप्पा : कसले?

बलभीम : तिचे. निवडणुकीचे. निकालाच्या रातीलाच फाट्यावरचे, देवळापुढचे, सगळे उतरवून आणले. पहाटं कुणी उठायच्या आत.

नागप्पा : आन रेडिएटरपुढं कोंबले? दुनिया फ्लेक्स कडब्यावर टाकते, मालक.

बलभीम : कडब्यावर टाकला तर तिच्या तोंडावर ऊन-पाऊस. उकिरड्यावर टाकला, तर कुणीबी उचलून न्हाणीला आडोसा करणार. गावात बघतोस न्हवं, अर्ध्या न्हाण्यांना पडलेले उमेदवार लावलेत. माझी बायको कुणाच्या न्हाणीला? आन जाळावं तर जित्या माणसाचा फोटू जाळतेत का?

नागप्पा : घरात ठेवायचे.

बलभीम : घरात ती झाडून काढती, तिला सापडले असते. मळणीत भुस्कट आत जाऊ नये म्हणून लोक जाळीआड पोतं लावतेत. म्या म्हणलं, पोत्याच्या जागी हे बसंल. कुणाला दिसायचं न्हाय.

नागप्पा : पोत्यातून हवा जाते. ह्याच्यातून काय जाणार? बरं, पटकन काढू. माझ्या शेडात टाकतो, वहिनींना पत्ता लागायचा न्हाय.

बलभीम : शेडात कशावर टाकशील?

नागप्पा : टायरवर.

बलभीम : टायरवर नको.

नागप्पा : मंग डोक्यावर घेऊ का? धरा ही जाळी. वढा तिकडून. लई दाबून बसवलंय राव तुमी.

द्वारकाबाई : हाटेलाचा बोअर बंद हाय म्हणं. तुमच्याकडंच आसंल तर... हे काय काढलं?

बलभीम : पोतं. भुस्कटासाठी लावलं व्हतं.

द्वारकाबाई : पोत्यावर माझं नाव कसं?

(गाडी चालूच आहे.)

द्वारकाबाई : तुमी म्हणला व्हता, फ्लेक्स पंचायतीच्या माणसांनी न्हेले. म्या एक मागितला व्हता तुमाला. आठवतंय?

बलभीम : आठवतंय.

द्वारकाबाई : मला काय खरं वाटलं न्हाय. म्हणलं, लोकांनीच वढून न्हेले असतील, मला वाईट वाटंल म्हणून हे सांगत न्हायत. तवापासनं कुणाच्याबी दारात गेले की आधी न्हाणीकडं नजर जाती. फ्लेक्स दिसला की मनात म्हणते, ह्याच्यावर आपलं तोंड नसू दे, माय. आपल्या गल्लीतल्या दीपमालानं बारशाला बोलावलं, गेले न्हाय. त्यांच्या न्हाणीला निळा फ्लेक्स हाय, आन माझाबी निळा व्हता.

बलभीम : तेच व्हऊ नये म्हणून तर म्या...

द्वारकाबाई : मंग एकदा सांगायचं व्हतं. घरातच व्हते मी.

बलभीम : लाज वाटली.

द्वारकाबाई : माझी?

बलभीम : तुझी कशाला? माझी.

नागप्पा : म्या जरा पाना बघून येतो आत.

बलभीम : थांब तू. ऐकलं तर काय बिघडत न्हाय. निकालाच्या दुसऱ्या दिशी दाढी करायला बसलो व्हतो. तोंडाला साबण. अंबादास गुरुजी बाकड्यावर बसून पेपर वाचत व्हते, त्यांनी मला वळखलं न्हाय. म्हणले, द्वारकाबाईला दिलं असतं मत. बाई चांगली हाय, बोलती नीट. पण खुर्चीवर बलभीम बसणार, त्याला कोण घेणार. दुकानातले सगळे हसले. न्हाव्याला ठावं व्हतं म्या हाय ते, त्योबी हसला.

द्वारकाबाई : आन तुमी?

बलभीम : म्या काय? साबण लावून बसलो. तोंड धुतलं असतं तर दिसलो असतो. तू घरी म्हणत व्हतीस, माझं काय चुकलं, कुणाला वाकडं बोलले का म्या. रोज म्हणायचीस. आन मला सांगता यीना की तुझं काय चुकलं न्हाय. तुला म्या पाडलं.

द्वारकाबाई : रोज इचारत व्हते म्या. रोज तुमी म्हणायचा, नशीब.

बलभीम : व्हय.

नागप्पा : वहिनी, उलगडू नका तो. रेडिएटरच्या उष्णतेनं चिकटलाय सगळा.

द्वारकाबाई : बघू तर द्या. एकच तर फोटू व्हता एकटीचा. न्हायतर कुणाच्या लग्नात, कुणाच्या मागं, अर्धी.

नागप्पा : सावकाश... सगळ्यांची घडी नेमकी तोंडावरच पडली व्हती बघा. रंग सगळा उचलला. नाव ऱ्हायलंय, चिन्ह ऱ्हायलंय. बाजूला मालकाचा फोटू जसाच्या तसा हाय.

बलभीम : गप की रे.

नागप्पा : चुकलं. बरं, हे बघा, कागद आता चिकटला जाळीला. काटाबी खाली यायलाय. गाडीत काय खराबी न्हाय, जावा कळंबला खुशाल. पाणी म्या देतो.

बलभीम : द्वारका, ऐक. सोयाबीन टाकलं की उद्याच धाराशिवला जाऊ. त्याच फोटूवाल्याकडं. तसाच निळा मागं लावून. तुझा एकटीचा काढू.

द्वारकाबाई : तसा न्हाय यायचा.

बलभीम : यील की. तीच साडी नेस.

द्वारकाबाई : साडीचं न्हाय वो. त्यो म्हणला, मावशी, जरा हसा. आन म्या हसले. तुमाला वाटलं, फोटूवाला म्हणला म्हणून हसली. तुमी सारखं म्हणायचा, तू नुसती उभी ऱ्हा, बाकीचं म्या बघतो. म्या नुसती उभी नव्हते. मला निवडून यायचं व्हतं.