धक्क्यावरची बायको

रिसेप्शनच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं. सगळं रिसॉर्ट जहाजासारखं सजवलेलं, काउंटरवरची मुलगीसुद्धा खलाशाच्या वेषात.

"अगं, इंजिन बंद पडलंय."

"अहो, हे हॉटेल आहे. जमिनीवर उभं आहे."

"मला नको शिकवूस. भिंतीला हात लावून बघ, जरा तरी थरथर आहे का? खाली कोण आहे ड्यूटीवर?"

"कोणी नाही. आपण सुट्टीवर आलोय."

"स्वागत आहे, कप्तान!"

"कप्तान वर असतो, पोरी. मी इंजिनवाला. सगळा जन्म तेलात गेला माझा."

"आजी, दोघांना मिळून एकच केबिन ना?"

"एकच. लग्न झाल्यापासून म्हणायचे, एकदा तुला जहाजावर नेतो. शेवटी मीच घेऊन आले त्यांना."

"हे मी माझ्या बायकोला म्हटलं होतं. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"अहो, मीच ती."

"काहीतरीच काय, बाई! ती खाली धक्क्यावर उभी असेल, सामान घेऊन. पोरी, यांना वेगळी खोली दे. ती वर आली आणि माझ्या खोलीत परकी बाई दिसली, तर काय वाटेल तिला?"

"आजी... काय करू?"

"दे बाळा, वेगळी दे. पण शेजारचीच दे. आणि भिंत पातळ आहे ना गं? रात्री जाग आली की मलाच हाक मारतात ते."