मंगळवारपर्यंत थांबवलेलं उत्तर

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे या वाचनालयाचे ग्रंथपाल, ज्यांनी आयुष्यात एकही पुस्तक न वाचलेल्या बाईला आज पुस्तकांच्या मधोमध उभं केलं आहे. प्रमुख पाहुण्या दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांच्या दवाखान्याच्या वर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे आणि ज्यांच्या यंत्राच्या घरघरीत मी सहा वर्षं पत्रं सांगत आले. आमच्या पत्राची संपादक, माझी नात. जिच्या निरोपासाठी आपण जमलो ती आमची लेखनिकबाई. आणि एरवी नुसत्या मेलच्या पत्त्यांनी ओळखीच्या असलेल्या माझ्या वाचकांनो, सगळ्यांना नमस्कार. पत्रांवरून तुम्ही जरा बारीक वाटायचात, पण ते असो.

अध्यक्ष म्हणाले, पाच मिनिटं बोला. नात म्हणाली, आजी, आपलं न्यूजलेटर कसं वाढलं ते सांग, नव्याने सुरू करणारी चार मंडळी मुद्दाम आली आहेत. लेखनिकबाई म्हणाली, माझ्याबद्दल फार बोलू नका. आता तिघांपैकी कुणाचं ऐकावं? या वयात एक बरं असतं, कुणाचंच ऐकलं नाही तरी लोक कौतुकाने हसतात. हे बघा, हसलातच.

तर आधी नातीचं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मला लिहिता-वाचता येत नाही. मी बोलते, लेखनिकबाई टाइप करते, मला वाचून दाखवते, मी नावं ठेवते, ती दुरुस्त करते. मग नात ते मेलने सगळ्यांना पाठवते. सुरुवातीला आम्ही रविवारी सकाळी पाठवायचो. निवांत दिवस, लोक वाचतील, असा हिशोब. कसलं काय! रविवारी माणूस घरच्यांच्या तावडीत असतो. मग शुक्रवारी संध्याकाळी पाठवून पाहिलं. शुक्रवारी संध्याकाळी लोकांना स्वतःची आजी नकोशी असते, तर माझी काय कथा? नातीने आकडे मांडले, महिनाभर डोकं खाजवलं आणि जाहीर केलं, मंगळवार, सकाळी सहा पन्नास. म्हणाली, "आजी, या वेळेला सगळ्यात जास्त उघडतात. का ते कळत नाही." मी म्हटलं, "अगं, सकाळी माणूस फोन घेऊन एकटाच कुठे बसतो? तिथे कुणी हाकही मारत नाही." डॉक्टरीणबाई, तुम्ही हसू नका, तुमचं उत्तर मला सात वाजता येतं.

दुसरी गोष्ट, पत्राच्या वर लिहायची ती विषयाची ओळ. नातीने एकदा लिहिलं होतं, ‘आजींचा हा उपाय वाचून थक्क व्हाल’. मी काय जादूचे प्रयोग करते? पुढच्या वेळी आम्ही लिहिलं, ‘बरणीचं झाकण अडकलं तेव्हा’. दुप्पट लोकांनी उघडलं. झाकण सगळ्यांचंच अडकतं. थक्क व्हायला वेळ कुणाला आहे?

तिसरी, शेवटी विचारायचा प्रश्न. पहिल्याच पत्रात आम्ही विचारलं, तुम्हाला आयुष्याने काय शिकवलं? तीन उत्तरं आली, त्यातलं एक माझ्या सुनेचं. मग विचारलं, तुमच्या घरात कधीच न वापरलेली वस्तू कोणती आणि ती टाकवत का नाही? चारशे! माणसाला उभ्या उभ्या उत्तर देता येईल असं विचारावं. मग तो खाली बसून देतो.

आणि चौथी गोष्ट नातीची नाही, माझीही नाही. ती या लेखनिकबाईची. आलेल्या प्रत्येक पत्राला त्याच दिवशी उत्तर. चारशे आली तरी चारशे. मला विचारायची, "आजी, यांना काय सांगू?" मी बसल्या जागेवरून सांगायची, ती लिहायची. नवीन मंडळींनो, बाकीचं विसरलात तरी चालेल. पत्र वाढलं ते यामुळे. लिहिलं की कुणीतरी ऐकतं, हे लोकांना कळलं.

इथवरचं भाषण मी काल हिलाच सांगून लिहून घेतलं आणि पुन्हा पुन्हा वाचायला लावून पाठ केलं. दुसऱ्या कुणाला सांगणार? पुढचं सांगायला लागले तर हिची बोटं थांबली.

"आजी, हे नको."

"का नको? भाषण माझं आहे."

"जाताना मला वाद नको. झालं ते झालं. मी फुलं घेईन, चहा पिईन आणि जाईन."

"तू टाइप कर."

"नाही करणार."

सहा वर्षांत पहिल्यांदा नाही म्हणाली. योग्य जागी म्हणायला हवं होतं, बाई, चुकीच्या जागी म्हणालीस. म्हणून पुढचं सगळं माझं मीच मनात तोंडपाठ करून आले आहे. नातीने ऐकलेलं नाही. नातबाई, मधे बोलू नकोस.

आमच्या ऑफिसात भिंतीवर एक तक्ता आहे. दर आठवड्याला किती वाचक झाले त्याची नात त्यावर रेघ ओढते. मला अक्षर कळत नाही, पण रेघ वर चालली की आडवी, हे कळतं. खोटं कशाला सांगू, मला त्या रेघेची चटक लागली होती. आल्या आल्या आधी तिच्याकडे बघायची, मग चप्पल काढायची. चार महिन्यांपूर्वी ती तीन आठवडे आडवी पडली होती. मी नातीवर चिडले, लेखनिकबाईवर चिडले, खालच्या यंत्रावरही चिडले.

तशात एका गुरुवारी दुपारी एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांचं पत्र आलं. त्यांनी लिहिलं होतं, थोरली बहीण याच गावात चार गल्ल्या सोडून राहते, अकरा वर्षं आम्ही बोललो नाही. आता ती मुलाकडे परदेशी राहायला निघाली आहे, शनिवारी दुपारी. तिला कानाने कमी ऐकू येतं, फोनवर काही कळत नाही. जायच्या आधी मला भेटायचं आहे. पण दारात उभं राहून पहिलं वाक्य काय बोलू? आजी, तेवढं सांगा.

हिने वाचून दाखवलं आणि नेहमीसारखं विचारलं, "काय सांगू यांना?"

उत्तर मला तिथल्या तिथे सुचलं होतं. अगदी त्याच क्षणी. हे मी आज सगळ्यांसमोर सांगते आहे. मी म्हटलं, "माफी मागत बसू नकोस म्हणावं. दारात उभा राहा आणि पाणी माग. ताई, तहान लागली म्हण. थोरली बहीण आधी पाणी आणेल, मग भांडेल."

हिचे डोळे चमकले. म्हणाली, "पाठवते लगेच."

आणि मी म्हटलं, "थांब. हे मंगळवारच्या पत्रात घालू."

"आजी, ताई शनिवारी जाणार आहेत."

"शनिवारी निघणारी माणसं रविवारी निघतात. सामान कुणाचं कधी वेळेवर बांधून झालंय?"

"निदान दोन ओळी पाठवते."

"दोन ओळी पाठवल्यास तर मंगळवारी उरणार काय?"

तिने ते पत्र बाजूला ठेवलं. मी भिंतीकडे बघितलं.

मंगळवारी सहा पन्नासला पत्र गेलं. ‘ताईच्या दारात पहिलं वाक्य’. तुमच्यापैकी कितीतरी जण त्याच पत्रामुळे आमचे वाचक झालात, मला माहीत आहे. रेघ अशी चढली की नातीला वर दुसरा कागद चिकटवावा लागला. त्या आठवड्यात दोन हजार माणसं नव्याने आली आणि एक गेलं. ते घड्याळवाले गृहस्थ. जाण्याआधी त्यांनी लिहिलं होतं, ‘आजी, उत्तर वाचलं, बरोबर आहे. ताई शनिवारी गेली. मी कोपऱ्यापर्यंत दोनदा जाऊन आलो, काय बोलावं सुचलं नाही.’ आणि वाचकांतून आपलं नाव काढून घेतलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण उलटं ठाऊक आहे. त्यांच्या मुलीने नेटवर, आमच्या पत्राच्या पानाखाली सगळ्यांना दिसेल असं विचारलं, एवढ्या मायेच्या आजी, मग माझ्या वडिलांना वेळेवर उत्तर का नाही? त्याखाली आमच्या लेखनिकबाईने स्वतःच्या नावाने लिहिलं, ‘ते पत्र माझ्या नजरेतून सुटलं. आजींपर्यंत वेळेत पोचलंच नाही.’ मला न विचारता लिहिलं. मी विचारलं, "हे काय केलंस?" तर म्हणाली, "लोक तुमचं पत्र वाचतात आजी, माझं नाही. माझं काय जातंय?"

काय गेलं ते सांगू? तुम्ही तिला काय काय बोललात ते तिनेच मला वाचून दाखवलं, कारण वाचून दाखवणारं दुसरं कोण आहे? ‘निष्काळजी बाई.’ ‘अशा माणसाला ठेवता कशाला?’ माझ्या नातीने तिला समोर बसवून दहा मिनिटं सुनावलं. मी खिडकीपाशी स्वेटरचे टाके मोजत होते. मला शंभराच्या पुढे मोजता येत नाही. त्या दिवशी मी तीनदा शंभर मोजले, पण तोंड उघडलं नाही.

मग पत्रांच्या वर नवीन मजकूर येऊ लागला. ‘लेखनिकबाईंनी हे आजींपर्यंत नक्की पोचवावं, विसरू नये.’ रोज एक तरी. तीही ती मोठ्याने वाचायची, एक शब्द न गाळता, आणि उत्तर त्याच दिवशी द्यायची. चार महिने. पंधरा दिवसांपूर्वी म्हणाली, "आजी, मला दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर काम मिळालंय. पत्र उघडायच्या आधी आता मी उगाच टेबल पुसत बसते हो."

तेव्हासुद्धा मी काय म्हटलं असेल? "तब्येतीला जप." वा! काय आजी आहे!

ते पत्र हिच्या नजरेतून सुटलं नव्हतं. पोचायला उशीर झाला नव्हता. तारीख मला ठाऊक होती, उत्तर माझ्या जिभेवर होतं, आणि ते मी दाबून ठेवलं, भिंतीवरची रेघ वर जावी म्हणून. हिने दोनदा सांगितलं, मी दोनदा अडवलं. एवढंच मला सांगायचं होतं.

नातबाई, अशी बघू नकोस. हे आजच पाठव सगळ्यांना, मी बोलले तसंच्या तसं. मंगळवारची वाट बघायची नाही. किती जणांनी उघडलं ते मला सांगूही नकोस. उद्या सकाळी मला त्या घड्याळजींच्या दुकानात सोड. पहिलं वाक्य मला अजून सुचलेलं नाही. पाणी मागायचा अधिकार माझा नाही.

आता आभार. अध्यक्षांनी पाच मिनिटांची पंधरा होऊ दिली, डॉक्टरीणबाईंनी दुपारभर यंत्र बंद ठेवलं, तुम्ही सगळे कामधाम सोडून आलात, सर्वांची मी ऋणी आहे.

बोलताना काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, असं शेवटी म्हणतात. बोलण्यातलं घाला. गप्प राहिल्याचं घालू नका, ते तुमच्या हातात नाही. ते हिच्या हातात आहे. आणि बाई, तुला लगेच उत्तर द्यायची सवय आहे. ‘असू द्या हो आजी’ म्हणायला तोंड उघडलंयस, मला इथून दिसतंय. मिट ते. घरी जा. आठवडा घे, वर्ष घे. काय यायचं ते उत्तर येऊ दे, नाही आलं तरी मी वाट बघेन. नमस्कार.