चार वाजता अडणारं मशीन

सरस्वतीपुरमच्या थांब्यावर विद्याश्री आणि तिचे मालोजीमामा बसची वाट बघत होते. ऐकलं तेच सांगतो, पदरचं फक्त मीठ.

“मामा, कडकोळच्या कारखान्यातला तुमचा सी भाषेतला जुना कोड नव्या पायथॉनवर आणला. मशीन एकदाही अडलं नाही.”

“मत्ते? मग तोंड का पाडलंयस?”

“मंजुनाथ सुपरवायझर काम पूर्ण झाल्याची सही देत नाहीत. सही नाही तर माझं काम गेलं.”

“अय्यो! त्याला काय झालं?”

“म्हणतात, जुनं रोज चारला बंद पडायचं.”

“पडायचंच! परत चालू होईतो सगळे कॉफी प्यायचे.”

“तुमचा कोड रिकामं उत्तर देताना, ते किती जण वापरतायत याची मोजणी वाढवायला विसरायचा. मोजणी घटत घटत चारला संपली की ते उत्तरच मरायचं आणि मशीन आडवं. नव्या पायथॉनमध्ये मोजणी चुकली तरी रिकामं उत्तर अमर आहे.”

“म्हणजे कॉफी मेली, अल्लवा? होय ना?”

“मग काय! तुमची चूक परत घालू?”

“छे! नीट कोड लिहून चारला थांबव की.”

“तेही केलं, पाच मिनिटं थांबवलं. तरी सही नाही.”

“पाच? अग, कॅन्टीनवाल्याला वडे तळायला तरी वेळ दे!”